लाखनीतला समुद्र

मंडळी, आमच्या लाखनीत पाण्याला तोटा नाही, भंडारा जिल्हाच तलावांचा. पण समुद्र शेकडो किलोमीटर लांब! तरी आज मिठाचं पाकीट फोडा, आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम घाला, झाला समुद्र. मग महागडे मासे आठवड्यात का मरतात?

हे कोडं जुनंच. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये गॉसचं पुस्तक आलं आणि घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं वेड पसरलं. समज एकच: वनस्पतींनी प्राणवायू दिला की काम फत्ते. पण माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं काय? १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने मातीवर काम करताना दाखवलं, की जिवाणू दोन टप्प्यांत अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंगने समुद्रातले जीव-जिवाणूंनी भरलेले खडकच टाकीत ठेवले, हवेचे बुडबुडे सोडले, आणि प्रवाळ जगले!

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) समुद्राच्या काठावरच होतं. लाखनीत मात्र मीठही आपण आणायचं नि जिवाणूही आपणच वाढवायचे. म्हणून मासे न सोडता, कोरडे सच्छिद्र दगड ठेवून, किंचित अमोनिया देत टाकी चार-सहा आठवडे चालवा. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आले की एकच मासा सोडा. पाणी उडतं, मीठ नाही. तेव्हा भर गोड्या पाण्याचीच घाला.

आणि प्रवाळ? २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा कुणी विकत असेल, तर घेऊ नका.

नवीन सर्व्हरवर पहिल्याच दिवशी सगळा लोड टाकतो का आपण? तसंच हे.