मैदानावरचे मास्तर : शिवाजी पार्क ते बोरिवली



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय आणि त्यात क्रिकेटचे नाव, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यकर्ते ही आपली समजूत आहे. परंतु एखादी विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी गेली, कोणी दिली आणि कोणाला मिळाली नाही, हाही इतिहासच आहे. गवयांच्या घराण्यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. तालमीची शिस्त, गुरूचा दरारा, शिष्याची सेवा या साऱ्या गोष्टी मुंबईच्या मैदानांवरही घडल्या आहेत. मात्र तेथील घराण्याचा इतिहास आपण धावफलकापुरताच वाचतो.

या घराण्याचा पाया शाळांत आहे. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाची ढाल आणि तिच्या पाठोपाठ आलेली गाइल्स ढाल या दोन शालेय स्पर्धांनी मुंबईच्या मुलांना खेळाचे वेड लावले. पुढे १९४८ साली कांगा लीग सुरू झाली. ती भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाई. तीत टिकला तो कोठेही टिकेल, असे लोक म्हणू लागले. मैदाने मात्र मोजकी होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि १९२५ साली खुले झालेले शिवाजी पार्क. ही सारी दक्षिणेला किंवा दादरला. माहीमच्या खाडीपलीकडच्या मुलाने क्रिकेट शिकायचे तर त्याने गाडी पकडून खाली यावे, असा जणू शिरस्ताच होता.

शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकर हे या घराण्याचे मोठे नाव. जन्म १९३२ सालचा, मालवणचा. बँकेची नोकरी सांभाळून ते खेळले आणि शिकवीत राहिले. प्रथम दर्जाचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला. १९६३-६४ च्या मोसमात मोईन-उद-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध. एका सामन्याची ही कारकीर्द पाहून कोणी म्हणेल, या गृहस्थांनी काय मिळविले? पण बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर आणि सचिन तेंडुलकर ही त्यांच्या शिष्यांची नावे, आणि तीही सगळी नव्हेत!

त्यांची शिकवण बोलण्यापेक्षा करवून घेण्याची होती. नेटमध्ये दमलेल्या सचिनला ते आणखी खेळवीत आणि यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणी बाद केले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. एकदा हा मुलगा आपला सामना सोडून शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना पाहायला गेला, तेव्हा सरांनी त्याला चांगलेच फैलावर घेतले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ, हा त्याचा मथितार्थ. सचिन ही हकिगत कृतज्ञतेने सांगत आला आहे.

फेब्रुवारी १९८८ मधला हॅरिस ढालीचा उपांत्य सामना आपल्याला ठाऊक आहेच. शारदाश्रमच्या सचिनने नाबाद ३२६ आणि विनोदने नाबाद ३४९ धावा केल्या. भागीदारी ६६४ धावांची. डाव सोडण्याचा निरोप दोघांनी कसा न ऐकल्यासारखा केला, याच्या गोष्टी आजही रंगवून सांगितल्या जातात. परंतु मला त्या दिवशीचा तिसरा मुलगा अधिक आठवतो. पायांना पॅड बांधून, आपली पाळी आता येईल म्हणून तो बसून राहिला आणि ती आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा. आणि तरीही भारताकडून एकही सामना नाही! कोणी हताश झाला असता. मुझुमदार प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. चंद्रकांत पंडितांनी तर मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांना मिळून सहा वेळा रणजी करंडक मिळवून दिला. गुरूची विद्या शिष्याच्या बॅटीतून जशी वाहते, तशी ती शिष्याच्या शिकवण्यातूनही वाहते. आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांचे शिष्यच ठिकठिकाणी शिकवीत होते.

आता आपण गाडी पकडून उत्तरेकडे येऊ. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला. गिरगाव-दादरच्या चाळींतून मध्यमवर्ग उपनगरांत सरकला. माणसे आली, शाळा आल्या. आणि माणसांमागून खेळही आला. या स्थलांतराचा साक्षीदार म्हणजे बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेतील प्रशिक्षक दिनेश लाड.

१९९९ साली उन्हाळी शिबिरातील एका सामन्यात लाडसरांनी एक मुलगा पाहिला. तो ऑफस्पिन टाकीत होता. आईवडील डोंबिवलीस एका खोलीत राहत. मुलगा बोरिवलीस आजीआजोबा व काकांकडे. आमच्या शाळेत ये, असे सरांनी सुचविले. पण शाळेची फी दरमहा २७५ रुपये, आणि ती देण्याची घरची ऐपत नव्हती. सरांनी शाळेच्या चालकांकडे शब्द टाकला आणि फी माफ करून घेतली. पुढे एके दिवशी एक मुलगा बॅट फिरवताना सरांच्या नजरेस पडला. फटक्याची सरळ रेघ पाहून ते थबकले. जवळ जाऊन बघतात तो आपलाच ऑफस्पिनर! आठव्या क्रमांकावर येणाऱ्या त्या मुलाला त्यांनी सलामीला पाठविले, आणि त्याने शतक काढले. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा. २०१४ साली ईडन गार्डन्सवर त्याने एका दिवसाच्या सामन्यात २६४ धावा केल्या. २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक जिंकला.

दुसरी गोष्ट पालघरच्या शार्दुल ठाकूरची. तो लाडसरांच्या शाळेविरुद्ध खेळला आणि बॅट व चेंडू दोन्हींनी चमकला. सरांनी त्यालाही बोलावले. पण पालघरहून रोज अडीच तास येणे, अडीच तास जाणे, आणि त्यात शालान्त परीक्षेचे वर्ष! आईवडील कचरले, यात नवल नाही. तेव्हा सरांनी त्या मुलाला आपल्या घरीच राहायला नेले. सुमारे वर्षभर तो त्यांच्या कुटुंबात, त्यांचा मुलगा सिद्धेश याच्यासोबत वाढला. मुंबईतले घर म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. त्या घरात आणखी एक ताट वाढायचे, आणखी एक अंथरूण घालायचे, हा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा नसतो. तो घरच्या गृहिणीचाही असतो. याच शार्दुलने शालेय स्पर्धेत एका षटकात सहा षटकार मारले, आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी घेऊन, पहिल्या डावात ६७ धावाही काढून, भारताच्या ऐतिहासिक विजयाला हात दिला. २०२२ सालच्या पुरस्कारांत लाडसरांना जीवनगौरवाचा द्रोणाचार्य मिळाला.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे नामवंत प्रशिक्षक होऊन गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ते १९४८ साली रुजू झाले आणि १९७५ साली निवृत्त झाले. राष्ट्रीय विजेतेपदे दहा. पण पहिले विजेतेपद मिळाले ते १९६४ साली, म्हणजे सोळा वर्षांनी! नव्या खेळाडूंना ते पहिला धडा देत तो मोजे नीट कसे घालावेत याचा. मोज्याला चुणी पडली की पायाला फोड येतो आणि फोड आला की खेळ थांबतो. यष्टीवरचे नाणे आणि पायातला मोजा यांची जात एकच. फरक आहे तो भोवतालच्या व्यवस्थेत. तेथे विद्यापीठ प्रशिक्षकाला वेतन देते आणि खेळाडूच्या शिक्षणाचा खर्चही उचलते. आपल्याकडे हा भार पुष्कळदा प्रशिक्षकाच्या भिडेवर आणि त्याच्या घरावर पडतो.

आणि येथेच मला आपणांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. २७५ रुपयांनी एक कर्णधार अडला होता. शब्द टाकणारा मास्तर भेटला म्हणून तो सुटला. ज्यांना असा मास्तर भेटला नाही, त्यांची नोंद कोठल्या धावफलकावर आहे? गुणी मुलगा वर येतोच, असे आपण सहज बोलून जातो. वर आलेलीच मुले आपल्याला दिसतात, म्हणून तसे वाटते. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गेल्या अर्धशतकात इमारती उंच झाल्या, पण मुलांना पळायला मोकळी जागा मिळणे अवघड होत गेले. द्रोणाचार्य हे नाव आपण पुरस्काराला दिले खरे. पण त्या कथेत एकलव्यही आहे आणि त्याला आश्रमाचे दार बंद होते. आचरेकर आणि लाड यांचा गौरव करायचा तो त्यांनी दार उघडे ठेवले म्हणून.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्या वॉर्डातल्या मैदानाचा प्रश्न निघेल तेव्हा त्या सभेला जा. शाळेच्या समितीवर असाल, तर दरवर्षी दोन मुलांची फी माफ करण्याचा ठराव मांडा. आणि सकाळी फिरायला जाताना मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभा असलेला कोणी अनोळखी मास्तर दिसला, तर त्याच्याशी दोन शब्द बोला. त्याच्या मुलांत उद्याचा कर्णधार असेलच असे नाही. पण पाळीची वाट पाहत पॅड बांधून बसलेला एखादा मुलगा तेथे नक्की असेल.