वही, अंगठा आणि कार्ड : शहापूर-मुरबाडकडील वजावटींचा इतिहास

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आणि ज्या तालुक्यात माहुलीसारखा किल्ला उभा आहे तेथे ती असणे स्वाभाविकच होय. 1636 साली याच माहुलीवर शहाजीराजांना निजामशाही तगवण्याचा आपला प्रयत्न सोडून द्यावा लागला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आजच्या आमच्या विषयात मात्र तोफा नाहीत. माणसाच्या कमाईतून थोडीथोडी, ठरावीक वेळी, पुन्हा पुन्हा आणि बहुधा त्याच्या नकळत कापली जाणारी रक्कम हा तो विषय. आज ती बँकेच्या कार्डावरून कापली जाते, पूर्वी सावकाराच्या वहीत कापली जाई. अशी वजावट वर्षानुवर्षे टिकते याचे कारण रकमेच्या आकारात सापडत नाही. वही दुसऱ्याच्या हाती असते आणि आठवण ठेवण्याचे काम मात्र देणाऱ्यावर पडते, हे ते कारण आहे. आजचे आमचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

आरंभ नाणेघाटापासून करू. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखऱ्याजवळून ही जुनी वाट वर चढते आणि जुन्नरकडे जाते. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि जवळच एक भला मोठा दगडी रांजण आहे. या रांजणात जकातीची नाणी टाकीत असत, असे लोक सांगतात. हे सांगणे शब्दशः खरे माना अगर दंतकथा माना. त्यामागील कल्पना मात्र मोठी स्वच्छ आहे. माल घेऊन घाट चढणाऱ्याने आपल्या हाताने नाणे टाकावे, त्याचा आवाज ऐकावा आणि पुढे जावे. पुढच्या खेपेस पुन्हा द्यावे लागे हे खरे, पण त्या खेपेस तो स्वतः तेथे हजर असे. घरी झोपलेल्या माणसाची जकात रांजणात आपोआप पडत नसे.

सावकारी वहीत हा हजेरीचा भाग नाहीसा झाला. आषाढात घरातले भात संपले की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील ठाकूर, वारली, कातकरी कुटुंबे खावटी उचलीत. व्यवहार सवाईचा किंवा दिढीचा असे. म्हणजे दिढीने मणभर भात आषाढात नेले तर मार्गशीर्षात दीड मण घालावयाचे. पाच महिन्यांत निम्मे व्याज, अर्थात दरसाल दरशेकडा 120! ऐकताना ‘दीडपट’ हा शब्द काही फार भयंकर वाटत नाही, आणि त्याची सारी मोहिनी तेथेच आहे. रोख कर्ज असले तर रक्कम हाती पडण्यापूर्वीच मनोती कापली जाई. बाजारात माल नेला तर हमाली, तोलाई आणि धर्मादाय. (धर्म कोणाचा आणि दाय कोणाचे, हे विचारण्याची सोय नसे.) यांतील एकेक रक्कम इतकी लहान असे की तीवरून भांडणे शेतकऱ्याला लाजिरवाणे वाटावे.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. व्याजाची बाकी मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा त्याचा आशय. नियम उत्तम होता, पण त्याला वळसा घालण्याची युक्ती सोपी निघाली. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नवे खत लिहून घ्यायचे. नव्या खतावर नवा अंगठा. कुळाने खत वाचलेले नसे; अंगठा मात्र त्याचाच असे, आणि कोर्ट अंगठा पाही.

या संतापाचा स्फोट 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. तेथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव दंगे पसरले. या दंग्यांत एक गोष्ट लक्षणीय होती. लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. ते त्याची खते आणि वह्या मागत आणि जाळीत. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कोणती, हे त्या निरक्षर माणसांना अर्थशास्त्र्यांच्या आधी कळले होते. त्याच 1875 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, जिच्या वळणावर आजची आपली ही सभा भरते. पुढे दंग्यांच्या चौकशीतून 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, आणि त्याच्या अंमलबजावणीवर विशेष न्यायाधीश म्हणून देखरेख करण्याचे काम पुढे रानड्यांनीच केले.

या कायद्याची चर्चा होते ती बहुधा जमिनीच्या जप्तीसंबंधीच्या आणि कर्जाच्या फेरतपासणीच्या कलमांची. आमच्या मते त्यातील सर्वांत दूरदर्शी भाग अगदी शेवटी, दुर्लक्षित राहिलेला आहे. पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा शेतकऱ्याला हक्क. वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क. आणि मागितल्यास खात्याचे पासबुक. या तीन गोष्टी नाकारणाऱ्या सावकारास दंड. वही जाळण्याऐवजी तिची एक प्रत कुळाच्या घरी आणून ठेवण्याचा हा विचार होता. कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. ठाणे जिल्हा त्या चारांत नव्हता. आणि जेथे तो होता तेथेही पासबुक मागण्यास कूळ धजावत नसे, कारण पुढच्या आषाढात पुन्हा त्याच दारी उभे राहावयाचे असे. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना, पावती आणि वार्षिक हिशेब यांची सक्ती सर्वत्र केली. आज त्याच्या जागी 2014 चा महाराष्ट्राचा कायदा आहे.

आपल्या भागाची स्थिती याहून बिकट होती. 1935 च्या घटना कायद्याखाली जे प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ ठरले त्यांत डहाणू तालुक्याबरोबर शहापूर तालुकाही होता. या प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने केली. तिचा अहवाल 1939 साली छापला गेला. खावटी, वेठ आणि जंगल कामगारांची नाडवणूक यांची वर्णने त्यात आहेत, आणि लिहिणारा कोणी चळवळ्या नव्हता, सरकारचाच नोकर होता. वेठ म्हणजे पैशाऐवजी अंगमेहनतीने चालू राहणारी वजावटच. तिचे टोक म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी थोडके कर्ज घ्यावे आणि त्यापायी नवरा-बायकोने आयुष्यभर धन्याच्या घरी राबावे! हप्ता रोजचा आणि मुदत मरणापर्यंतची. जानेवारी 1945 मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि त्यानंतर डहाणू-उंबरगावकडे गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडून काढल्या. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा वृत्तांत आलेला आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

वेठ गेली, पण उचल राहिली. पावसाळ्यात अडीनडीला उचल घ्यावी, दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जावे, आठवड्याची खर्ची घेत राहावे आणि पावसाच्या तोंडी हिशेब करावा, हा कातकरी कुटुंबांचा क्रम आजही आपण पाहतो. विटा किती पाडल्या याची मोजणी शेठकडे, खर्ची किती नेली याची नोंद शेठकडे, आणि बाकी निघाली की ती पुढल्या सालावर. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बांधून घालणारे कर्जच रद्दबातल ठरवले आहे. कायद्याचे हे कलम भट्टीवर किती जणांना ठाऊक असते, हा प्रश्न निराळा.

आता आपण बँकेच्या दारात येऊ. 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली आणि ज्या घरांनी पासबुक पाहिले नव्हते त्या घरांत पासबुक आणि रुपे कार्ड आले. 1879 च्या कायद्याने जे मागितल्यावर द्यावयाचे म्हटले होते ते न मागता घरात आले, हा मोठाच बदल होय आणि त्याला आम्ही कमी लेखीत नाही. पण याच सुमारास वहीनेही रूप बदलले. ती दुकानातून उठून दूरच्या यंत्रात गेली.

पाड्यापाड्यांत या नव्या वजावटीची पहिली ओळख बँकेने नव्हे तर मोबाइलने करून दिली. रिचार्ज भरावा आणि दोन दिवसांत पैसे घटलेले दिसावेत. चौकशी केली तर कळे की गाण्याची धून, क्रिकेटचा निकाल किंवा राशिभविष्य अशी काही सेवा ‘आपणच’ सुरू केली आहे. चुकून दाबलेले एक बटण हा त्या सेवेचा अंगठा! तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै 2013 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला आदेश काढावा लागला. ग्राहकाने दोनदा होकार दिल्याखेरीज अशी सेवा सुरू करू नये, आणि ती बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना 155223 हा एकच क्रमांक असावा.

कार्डाची गोष्ट याच वळणाने गेली. ‘पहिला महिना फुकट’ म्हणून सिनेमाचे, गाण्यांचे, खेळाचे किंवा शिकवणीचे ॲप घेतले जाते. कार्डाचा क्रमांक दिला जातो, ओटीपी सांगितला जातो आणि महिना संपला की वर्गणी सुरू होते. आसनगावच्या कारखान्यात जाणारा किंवा कसारा लोकलने मुंबई गाठणारा मुलगा वडिलांचे कार्ड एकदा वापरतो, विसरतो. कापले जाते ते वडिलांच्या खात्यातून. दरमहा 199 रुपये ही काही भांडण्याजोगी रक्कम नव्हे, असे मनात येते. वर्षाचे ते 2,388 होतात. ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड असा वर्गणीचा सापळा त्यांत नावानिशी आला आहे.

रिझर्व्ह बँकेने 2019 साली केलेले नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून पुरतेपणी लागू झाले, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. कार्डावरून वारंवार रक्कम कापण्याची संमती पहिल्या वेळी ओटीपीसारख्या जादा पडताळणीने घ्यावी. पुढे प्रत्येक वेळी कापण्यापूर्वी किमान 24 तास आधी, कोणाला, किती आणि केव्हा हे कळवावे. आणि तेव्हाच नकार देण्याची वाट ठेवावी. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आरंभी 2,000 रुपये होती, ती वाढत जून 2022 मध्ये 15,000 झाली. नाणेघाटच्या प्रवाशाची हजेरी या नियमाने थोडीफार परत आणली, असे आम्हांस वाटते. मात्र तो संदेश इंग्रजीत येतो, इतर पन्नास जाहिरातींच्या गर्दीत येतो, आणि खात्याला जोडलेला क्रमांक बंद पडलेल्या जुन्या सिमचा असेल तर येतही नाही. म्हणून बँकेत जाऊन आधी क्रमांक तपासावा.

नकार कोठे द्यावा हे वजावट कशी आहे यावर ठरते. संमती दिलेली, पण नकोशी झालेली वर्गणी बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमधील स्वयंचलित देयकांच्या यादीतून बंद करता येते; यूपीआयवर ही सोय जुलै 2020 मध्ये आली. मुळात संमतीच दिली नसेल तर गोष्ट निराळी. तेथे वेळेला किंमत आहे. 2017 च्या नियमानुसार दोष बँकेचा नाही व आपलाही नाही, अशा प्रकरणी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही. आणि क्रेडिट कार्डच नकोसे झाले, बाकीही काही उरली नाही, तर बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकालात काढावा, न काढल्यास दिवसाला 500 रुपये ग्राहकास द्यावेत, असे 2022 च्या आदेशात आहे. हे कलम अर्जात लिहून पाहावे. अर्जाची पोच मात्र हातात घ्यावी, सावकाराकडून पावती घेण्याइतक्याच आग्रहाने.

एका वजावटीचा उल्लेख मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण ती बंद करा असे आम्ही सांगणार नाही. मे 2015 मध्ये सुरू झालेल्या दोन सरकारी विमा योजनांचे हप्ते, जीवनज्योतीचा आणि सुरक्षा योजनेचा, पुष्कळांच्या बचत खात्यातून दरसाल आपोआप जातात. 1 जून 2022 पासून ते 330 आणि 12 रुपयांवरून 436 आणि 20 रुपये झाले. खर्डी किंवा धसईकडच्या एखाद्या घरात कर्ता पुरुष जातो. त्याच्या पासबुकात 436 रुपयांची ओळ असते, आणि दोन लाखांचा विमा आहे हे बायकोला ठाऊक नसल्याने दावाच केला जात नाही. नकळत गेलेल्या पैशाने असेही नुकसान होते. हे हप्ते मेच्या अखेरीस, म्हणजे व्याख्यानमालांचा हंगाम सरतो त्याच सुमारास कापले जातात. त्या आठवड्यात पासबुक छापून आणावे, ती ओळ आहे की नाही ते पाहावे, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे ते बँकेत विचारून त्या माणसाला त्याच संध्याकाळी सांगावे.