पाच मैलांच्या आतले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीत गृहस्थाश्रमातील दोन मोठ्या खर्चांची गणना आहे. पैकी लग्नाचा खर्च मनुष्याने मनावर घेतल्यास आवरता येतो. घराचा खर्च मात्र विटा, सिमेंट आणि लोखंड यांचा बाजारभाव ठरवील तो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत खोटी ठरविण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या वास्तुशिल्पकाराचे नाव लॉरी बेकर.

बेकर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. क्वेकर पंथ स्वीकारलेला हा तरुण दुसऱ्या महायुद्धात शस्त्र न धरता रुग्णसेवेसाठी चीनमध्ये गेला. परतीच्या वाटेवर बोटीसाठी मुंबईत थांबावे लागले आणि तेथेच त्याची गांधीजींशी गाठ पडली. त्याच्या पायांत कापडाच्या चिंध्यांचे जोडे होते, आणि गांधीजींचे कुतूहल त्या जोड्यांनीच जागे केले. पुढे बोलण्याच्या ओघात गांधीजींनी एक विचार मांडला : खेड्यातील आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातूनच उभे राहिले पाहिजे. पश्चिमेत शिकलेल्या तरुणाला तो प्रथम अव्यवहार्य वाटला. तो अक्षरशः खरा आहे, असे त्याने उतारवयात कबूल केले.

मधल्या काळात त्याचे खरे शिक्षण झाले. १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी बेकर भारतात आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य कुमाऊंतील पिथोरागढच्या पहाडात राहिले. तेथील शेतकरी जवळचा दगड, माती आणि लाकूड यांतून थंडीवाऱ्याला पुरून उरणारी घरे बांधीत. कोणत्याही विद्यालयाने न शिकविलेली ही विद्या पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे, हे बेकर यांनी ओळखले. १९६३ मध्ये केरळात आल्यावर आणि पुढे तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाल्यावर तिला त्यांनी हिशेबाची जोड दिली.

त्यांची भिंत पाहावी. विटा आडव्या न निजविता कडेवर उभ्या रचावयाच्या आणि मध्ये पोकळी ठेवावयाची, ही ‘रॅट ट्रॅप’ बांधणी. तीत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात, चुना-सिमेंट कमी लागते, आणि पोकळीतील हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट भार उचलण्यास फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून तेथे टाकाऊ मंगलोरी कौले बसवावयाची. खिडकीच्या चौकटीला, गजांना आणि काचेला पैसे मोजण्यापेक्षा विटांचीच जाळी ठेवावयाची. तीतून वारा येतो आणि आडोसाही राहतो. गिलावा त्यांनी बहुधा वगळलाच. चांगली वीट झाकावी कशाला, असा त्यांचा प्रश्न होता.

१९७१ साली तिरुवनंतपुरममध्ये अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संस्था निघाली. तिच्या इमारती बेकर यांनी उताराच्या जमिनीवर, झाडे शक्य तितकी राखून उभ्या केल्या. काटकसरीचे घर म्हणजे दरिद्री घर नव्हे, हे तेथील वळणदार भिंती आणि जाळ्यांतून गाळीव येणारा प्रकाश पाहून कोणालाही पटावे. १९८५ साली माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, राज आणि बेकर यांच्या सहभागाने ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापन झाली आणि ही पद्धत अनेक गवंड्यांच्या हाती गेली. १९९० साली बेकर यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

तथापि ही कथा निर्भेळ यशाची नाही. ज्या कंत्राटदाराचा मोबदला खर्चाच्या टक्केवारीवर ठरतो, त्याला वाचलेली वीट नफ्याची वाटत नाही. त्याहून अवघड होती ती गरिबाची प्रतिष्ठा. ज्याच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या झोपडीत राहावे लागले, त्याला सिमेंटचा स्लॅब म्हणजे केवळ छप्पर वाटत नाही. तो त्याला समाजातील आपले स्थान वाटतो. उघड्या विटांचे घर सुशिक्षिताला अभिरुचीचे दिसते, तर गरिबाला अपुरे राहिलेले. त्याच्या या भावनेला अज्ञान म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. म्हणूनच बेकर यांनी रेखाचित्रांच्या साध्या पुस्तिका काढल्या, आणि आपले स्वतःचे घरही याच रीतीने बांधले.

आज या विचाराला नवे वजन आले आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटच्या निर्मितीतून होते. भट्टीत भाजलेल्या प्रत्येक विटेमागे आणि वितळलेल्या प्रत्येक लोखंडी सळईमागे इंधन जळते. गरिबाच्या खिशाचा विचार करून जी वीट बेकर यांनी वाचविली, तिच्याबरोबर तिच्यासाठी जळणारे सरपणही वाचले. घर बांधू पाहणाऱ्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या अंगणापासून पाच मैलांची एक फेरी मारावी, एवढाच उपदेश त्या जुन्या भेटीतून अजून शिल्लक आहे.