शूर्पारक ते नालासोपारा : एका बंदराचा अस्त, एका शहराचा उदय आणि स्तूपाचे भवितव्य

पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवटसारख्या गावी राहणाऱ्या उपासकांनी अरबी समुद्राकाठच्या एका बुजलेल्या बंदराचा विचार का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि प्राचीन काळी मराठवाड्याचा जगाशी जो संबंध आला तो बंदरांच्या द्वारे आला, आणि त्या बंदरांत सोपाऱ्याचे स्थान अग्रभागी होते. धम्माच्या इतिहासात तर ते विशेषच मोलाचे आहे. म्हणून या लेखात आम्ही सोपाऱ्याचा पूर्वेतिहास, तेथील अवशेष आणि त्या अवशेषांभोवती उभे राहिलेले आजचे शहर, यांचा परामर्श घेणार आहोत.

साहित्यातील सोपारा

पाली वाङ्मयात या नगराचे नाव सुप्पारक, तर संस्कृतात शूर्पारक असे येते. महावंसानुसार लंकेला जाणारा राजपुत्र विजय प्रथम सुप्पारकास उतरला होता. उदानातील बाहिय दारुचीरिय हा याच समुद्रकिनाऱ्यावर राहत होता आणि तथागतांच्या भेटीसाठी तो येथूनच श्रावस्तीस गेला.

परंतु सोपाऱ्याशी सर्वांत निकट संबंध आहे तो पुण्ण थेरांचा. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्त वाचकांच्या परिचयाचे आहे. सुनापरान्त देशातील लोक कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या, मारले, जीव घेतला तर काय करशील, असे तथागत विचारतात आणि पुण्ण प्रत्येक वेळी त्या लोकांचा चांगुलपणाच पाहतो. त्या एका वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते.

दिव्यावदानातील पूर्णाची कथा तर आपणा सर्वांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. शूर्पारकातील एक धनिक गृहपती आजारी पडला. पत्नीने व पुत्रांनी त्याची उपेक्षा केली. त्याची शुश्रूषा केली ती घरातील दासीने. त्या दासीच्या पोटी पूर्णाचा जन्म झाला. दासीपुत्र म्हणून वाट्यास आलेली अवहेलना सोसून तो स्वकष्टाने सागरी व्यापारी बनला. एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचनांचे पठण करीत असता त्याने ते ऐकले आणि त्याच्या जीवनाची दिशा पालटली. पुढे सोपाऱ्यास चंदनाचा विहार बांधला गेला व तेथे तथागत स्वतः आले, असेही ही कथा सांगते. तथागतांचे सोपाऱ्यास आगमन ही श्रद्धेची परंपरा आहे, तिला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. मात्र या कथेतील सामाजिक सत्य नाकारता येत नाही. धम्म जहाजांवरून, व्यापारी तांड्यांतून प्रवास करीत होता, आणि या बंदराने आपला आदर्श पुरुष म्हणून एका दासीपुत्राची आठवण जपली होती.

शिलालेखांची साक्ष

साहित्याचा पुरावा बाजूस ठेवला तरी दगडाची साक्ष उरतेच. १८८२ साली सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा हाती लागला. चौदा शिलालेखांच्या मालिकेतील लेख महाराष्ट्राच्या भूमीवर मिळाले ते केवळ येथेच.

या दोन लेखांचा आशय पाहावा. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे मृगयेच्या व विलासाच्या यात्रा करीत. आपण संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. नवव्या लेखात तो लोकांच्या निरर्थक मंगलविधींवर बोट ठेवतो आणि दास व सेवक यांच्याशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम यांस खरे धम्ममंगल म्हणतो. ज्या बंदरावर जहाजे भरणारे आणि ओझी वाहणारे श्रमिक राबत होते, तेथे हे वचन कोरले जावे, यात मोठा अर्थ आहे. १९५६ हे वर्ष तर आपण कधीच विसरू शकत नाही. ज्या वर्षी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लक्षावधी लोकांना धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी हा दगड पुन्हा उजेडात आला. हा योगायोगच होय. परंतु कर्मकांडाऐवजी सदाचार हा त्या दगडावरील विचार आणि बाबासाहेबांची शिकवण यांतील नाते योगायोगाचे नाही.

कार्ले लेण्यातील एक धातुस्तंभ सोपाऱ्याच्या भाणकाने दान दिलेला आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखातही शोर्पारगाचा उल्लेख येतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सुप्पारा व कल्याण ही दोन्ही बंदरे नोंदलेली आहेत.

मराठवाड्याशी नाते

याच ‘पेरिप्लस’मध्ये पैठण व तगर या दक्षिणेतील दोन मोठ्या पेठांची नावे येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तेथील त्रिविक्रम मंदिर हे मूळचे विटांचे चैत्यगृह असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असणारी मूर्ती इटलीतील पाँपेई येथेही मिळाली. मराठवाड्याच्या पेठांतील माल बैलगाड्यांनी घाट उतरून बंदरांकडे जाई आणि त्याच वाटांवर नाशिक, कार्ले, कान्हेरी अशी लेणी कोरली गेली. व्यापाऱ्यांना मुक्काम मिळे, भिक्खूंना दान मिळे. गोदावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य पैठणमार्गेच तथागतांच्या भेटीस उत्तरेकडे गेले, असे सुत्तनिपात सांगतो. आज किनवटहून मुंबईस जाणारी रेल्वे नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नाशिक रोड व कल्याण या मार्गाने धावते. आजचा हा लोहमार्ग बराचसा त्या पुरातन व्यापारी मार्गाच्या दिशेनेच जातो.

१८८२ चे उत्खनन

मध्ययुगात गाळाने खाडी उथळ होत गेली व मोठी जहाजे येईनाशी झाली. पुढे पोर्तुगीजांच्या काळात वसईचे महत्त्व वाढले. सोपारा हे केवळ एक खेडे उरले. स्तूपाची ओळख पुसली गेली व लोक त्या टेकाडास ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणू लागले. शूर्प म्हणजे सूप आणि सूप विणणारा तो बुरुड. शूर्पारक या नावाची अंधुक आठवण एका श्रमिक समाजाच्या नावात टिकून राहिली असावी, असे आम्हांस वाटते.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले. मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी पेटी मिळाली. तीत तांब्याचा करंडक होता व भोवती सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ कांस्यमूर्ती बसविलेल्या होत्या. तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात होते ते मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे मानले गेले. सोन्याच्या पोटी मातीचे खापर! भिक्षापात्राचा मान सुवर्णाहून मोठा, हेच ती रचना सांगते.

करंडकासोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले, म्हणजे काळ इ.स. च्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील ठरतात. याचा अर्थ, निदान सहा शतके या स्तूपाची पूजा व निगा अखंड किंवा पुनःपुन्हा होत राहिली. हे सर्व अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. आठव्या लेखाचा तुकडाही मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सोपाऱ्यास उरला तो विटांचा स्तूप.

नवे शहर व जुना स्तूप

नाळा आणि सोपारा या दोन गावांच्या नावांवरून नालासोपारा हे स्थानकाचे नाव झाले. मुंबईत घर न परवडणारे कष्टकरी येथे येऊन राहिले. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि लगतची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मृत बंदराच्या जागी जिवंत शहर उभे राहिले. आम्हांस त्याचे दुःख नाही. श्रमिकांना निवारा मिळणे हे धम्माच्या विरुद्ध नाही, आणि शूर्पारक नगरही श्रमिकांच्याच हातांनी उभे होते.

प्रश्न आहे तो या वाढीत स्तूपाला स्थान कोणते, हा. स्तूप भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून पुढील २०० मीटरांत त्यावर नियंत्रण आहे. परंतु कायदा विटा राखतो, अर्थ राखीत नाही. शेजारी राहणाऱ्या मुलाला ही जागा कोणाची हे ठाऊक नसेल, तर ‘बुरुड राजाचा कोट’ पुन्हा होण्यास वेळ लागणार नाही. केरळात मुझिरिस या प्राचीन बंदराच्या परिसरात शासनाने उत्खनन, संग्रहालये व स्थानिक लोकांचा सहभाग यांची सांगड घातली आहे. सोपाऱ्यास असे का होऊ नये? स्तूपाजवळ दोन्ही शिलालेखांच्या प्रतिकृती व त्यांचा मराठी अनुवाद, करंडकांच्या प्रतिकृती आणि परिसरातील शाळांसाठी एक लहानसे संग्रहालय, ही मागणी अवाजवी नाही.

बुद्धपौर्णिमेस स्तूपावर वंदनेसाठी उपासक-उपासिका जमतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु केवळ वंदना पुरेशी नाही. अशोकाने मृगया सोडून धम्मयात्रा आरंभिली, तिच्यात लोकांना भेटणे व धम्माविषयी विचारपूस करणे हा मुख्य भाग होता. मराठवाड्यातील विहारांनी तेर, पैठण, नाशिक, कल्याण, सोपारा अशी अभ्यासयात्रा आखावी. त्या जुन्या वाटेने आपल्या मुलामुलींना न्यावे आणि प्रत्येक ठिकाणी तेथील इतिहास तेथेच वाचून दाखवावा. ज्या दासीपुत्राने या किनाऱ्यावर धम्म रुजविला, त्याचे वारस आपण आहोत. वारसा सांगण्याचा अधिकार त्यालाच, जो त्याची जबाबदारी उचलतो.