क्वॅगाचें कातडें आणि अस्सल पुराव्याचा प्रश्न

अस्सल कागदाचें महत्त्व या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु अस्सल साधन म्हणजे लिहिलेला कागद, ताम्रपट अथवा शिलालेख एवढेंच, ही आपली समजूत अपुरी आहे असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. नामशेष प्राण्यांच्या जतन केलेल्या अवशेषांतून शास्त्रज्ञांनीं आनुवंशिक द्रव्य कसें मिळविलें, त्याचा वृत्तांत वाचून आमचें हें मत बनलें. त्यांतील पहिलें उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतील क्वॅगा या प्राण्याचें असून, पोथ्या व दप्तरें बाळगणारांनीं तें मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगें आहे.

क्वॅगा हा झेब्र्याच्या कुळांतला. डोकें, मान व अंगाचा पुढचा भाग यांवर पट्टे. मागचें अंग तपकिरी व बिनपट्ट्यांचें. केप प्रांतांतील कारूच्या माळावर याचे कळप चरत. युरोपीय वसाहतवाल्यांनीं मांस व कातडें यांसाठीं त्यांची बेसुमार शिकार केली. शेवटची मादी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत ता. १२ ऑगस्ट १८८३ रोजीं मेली. त्या दिवशीं एक प्राणी पृथ्वीवरून नाहींसा झाला हें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. कारण क्वॅगा हें नांव त्या देशीं इतर झेब्र्यांसहि सर्रास लावीत. नामसादृश्यानें केवढा घोटाळा होतो, हें वंशावळी जुळविणारांस ठाऊकच आहे.

मागें उरलीं तीं संग्रहालयांतील थोडीं कातडीं व हाडें. तेवढ्यावरून क्वॅगा घोड्याच्या जवळचा, कीं स्वतंत्र जातीचा, कीं मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार, असा वाद दीर्घकाळ चालला. त्याचा निकाल लागण्यास कारण झाले ते राइनहोल्ड राऊ. हे केपटाउनच्या संग्रहालयांत कातडीं भरून प्राणी उभे करण्याचें काम करीत. १९६९ च्या सुमारास तेथील क्वॅगाचें एक शिंगरूं नव्यानें भरण्यासाठीं त्यांनीं उकललें, तेव्हां कातड्याच्या आंतल्या अंगास वाळलेलें मांस चिकटलेलें आढळलें. पुढें जर्मनींतील माइन्त्स येथील क्वॅगांचें काम करतांनाहि त्यांनीं असे तुकडे जपून ठेवले. दुसऱ्या एखाद्यानें ते खरवडून केरांत टाकले असते, व त्याला कोणी दोषहि दिला नसता.

माइन्त्स येथील वाळलेल्या स्नायूचा एक अंश कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें ॲलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेंत गेला. तेथें रसेल हिगुची प्रभृतींनीं १९८४ सालीं त्यांतून डी. एन. ए. चे दोन तुकडे मिळविले. त्यांत मिळून २२९ अक्षरें होतीं. या द्रव्याची लिपि चारच अक्षरांची असून त्यांच्या क्रमांत प्राण्याचें कुळ लिहिलेलें असतें. हे तुकडे मायटोकॉन्ड्रिया नामक पेशीच्या घटकांतले होते. या भागाच्या शेंकडों प्रती एकेका पेशींत असतात. ज्या ग्रंथाच्या प्रती पुष्कळ, त्याचें एखादें पान टिकण्याचा संभवहि अधिक. डोंगरी झेब्र्याशीं ताडून पाहतां त्यांत १२ ठिकाणीं भेद दिसला.

येथें पाठचिकित्सेचा प्रश्न उपस्थित झाला. मेल्यानंतर हें द्रव्य झिजतें, तुटतें, व कांहीं अक्षरें बदलतात. पहिल्या रीतींत एकेका जीर्ण तुकड्याची नक्कल जिवाणूंकडून करविली होती; म्हणजे एकाच फाटक्या पोथीवरून एका लेखकानें उतरून घ्यावें, तसें झालें. पुढें पॉलिमरेज साखळी-प्रक्रियेनें अनेक तुकड्यांच्या प्रती एकदम काढतां येऊं लागल्या. १९८८ सालीं स्वांते पेबो व विल्सन यांनीं त्या रीतीनें पुन्हां वाचन केलें, तेव्हां पूर्वीच्या भेदांपैकीं दोन अपपाठ ठरले. आपल्याच वाचनांतली चूक आपणच प्रसिद्ध करण्याची ही वृत्ति आम्हांस सर्वांत अनुकरणीय वाटते. अखेर २००५ सालीं अनेक संग्रहालयांतील नमुने तपासून असें ठरलें कीं, क्वॅगा हा मैदानी झेब्र्याचीच शाखा असून ती सुमारें १,२०,००० ते २,९०,००० वर्षांपूर्वीं वेगळी झाली.

प्रक्षेपाचें भय मात्र मोठें. १९९४ सालीं आठ कोटि वर्षांपूर्वींच्या हाडांतून डी. एन. ए. मिळाल्याचें जाहीर झालें. तपासाअंतीं तें माणसाचेंच निघालें. हाताळणाराचा स्पर्श मूळ लेखांत मिसळला होता. शिवाय या द्रव्यास आयुर्मर्यादा आहे. न्यूझीलंडमधील मोआ पक्ष्याच्या १५८ हाडांवरून २०१२ सालीं काढलेल्या हिशेबाप्रमाणें तेथील हवेंत त्याच्या ठराविक लांबीच्या तुकड्यांपैकीं निम्मे दर ५२१ वर्षांनीं तुटतात. म्हणून प्राचीनत्वाचा दावा जितका मोठा, तितकी परीक्षा कठोर हवी.

राऊ यांच्या पुढाकारानें १९८७ पासून मैदानी झेब्र्यांतील कमी पट्ट्यांचे प्राणी निवडून क्वॅगासारखी संतति वाढविण्याचा उद्योग चालू झाला. रूप पुष्कळ जुळलें. पण सुबक अक्षरांत केलेली नक्कल म्हणजे अस्सल पत्र नव्हे, हें विसरूं नये.

आतां आमची स्वतःची एक कबुली. शाळेच्या नोकरींत असतां एका घरची पोथ्यांची पेटी आमच्या हातीं आली. आम्हीं संहितापाठ तेवढे उतरून घेतले, आणि कुजकीं वेष्टनें, चुरा झालेले काठ व दोऱ्यांचे तुकडे चुलींत घातले. त्या चुऱ्यांत कांहीं होतें कीं नव्हतें, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं. कारण विचारण्याची जागाच आम्हीं जाळून टाकली. आज चर्मपत्रांवरील हस्तलिखितांचें आनुवंशिक द्रव्य तपासून तें कातडें कोणत्या जनावराचें, हें ओळखतां येतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, पोथी झाडतांना निघालेला चुरा, जुनें वेष्टन, तुटलेला दोरा हीं टाकूं नयेत. शक्य तितका कमी हात लावून, कोरड्या जागीं, स्वच्छ कागदांत स्वतंत्र बांधून त्यांवर पोथीचें नांव व तारीख घालावी. राऊ यांनीं तुकडे जपले तेव्हां ते वाचण्याची विद्या पुरती सिद्ध झाली नव्हती. आपणांस जें वाचतां येत नाहीं तें वाचनीयच नाहीं, असा निर्णय देण्याचा अधिकार रखवालदारास नाहीं.