बाळंतिणीचे कढण : एका घरगुती विद्येचा इतिहास

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम सनदांकडे, वतनाच्या कागदांकडे, मूळ गावांच्या व कुलदैवतांच्या नामावळीकडे जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्या इतिहासावाचून आपणांपैकी एकही जण आज हयात नसता, तो मात्र कोणी लिहिलेला आढळत नाही. तो इतिहास म्हणजे प्रत्येक घरातील बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचा. त्या दिवसांत चुलीवर जे शिजले त्याचा, आणि ज्या हातांनी ते शिजविले त्या हातांचा. या विषयावर लेखणी धरण्याचा अधिकार वस्तुतः एखाद्या आजीबाईंचा. तथापि आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकावर ती धरण्याची पाळी का आली, हे प्रथम सांगणे प्राप्त आहे.

गतवर्षी आमच्या चिरंजीवांना पुण्यास कन्यारत्न झाले. सूनबाईंच्या मातोश्री आजारी असल्यामुळे त्यांना येणे शक्य नव्हते. आणि आमच्या घरची गृहलक्ष्मी तर त्यापूर्वी तीन वर्षे आम्हांस सोडून गेलेली. बाळ घरी आले त्या रात्री चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, आई बाळंतिणींना मुगाचे कढण करून द्यायची ना? ते कसं करतात?" आम्ही निरुत्तर झालो. ते कढण आम्ही आयुष्यभर पाहिले होते, आजारपणात वाटीवाटीने प्यालोही होतो. परंतु ते कसे होते हे ज्या एका माणसास ठाऊक होते, त्यास विचारण्याची वेळ निघून गेली होती. त्या रात्री झोप लागली नाही. त्या अस्वस्थतेतूनच पुढील शोध सुरू झाला.

या विद्येचे मूळ फार जुने आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतेची शक्ती पाहून तिला पिंपळी, सुंठ इत्यादी दीपक द्रव्यांसह स्नेहपान द्यावे व ते पचल्यावर पातळ, स्निग्ध यवागू पाजावी, असा क्रम सांगितला आहे. धान्य शिजविण्याच्या पातळपणावरूनही आपल्या वैद्यांनी निरनिराळी नावे योजिली होती. शिते काढून टाकलेले पाणी तो मंड. थोडी शिते असलेली ती पेया. दाट ती विलेपी. मंडासाठी तांदळाच्या चौदापट पाणी घ्यावे व विलेपीसाठी चौपट, इतके नेमके माप शार्ङ्गधरसंहितेत दिले आहे. कडधान्याच्या पातळ काढ्याला यूष म्हणत. मीठ, मसाला व स्नेह घातलेला तो कृत यूष, न घातलेला तो अकृत.

आता हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात शोधावेत. पेया म्हणजे आपली पेज. कढण हा शब्द 'क्वथ्' म्हणजे उकळणे या धातूपासून आला. यूष मराठीत विसरला गेला. परंतु लॅटिन भाषेत त्याचाच भाऊबंद 'यूस' हा शब्द रश्श्याच्या अर्थी नांदत होता, आणि इंग्रजीतील 'ज्यूस' हा त्याचाच वंशज होय. याउलट संस्कृत 'सूप', म्हणजे शिजविलेली डाळ वा वरण, व इंग्रजी 'सूप' हे शब्द कानाला एक वाटले, तरी त्यांचे कूळ एक नाही. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ रश्श्यात भिजविलेला पाव असा आहे. आमच्या मातोश्रींना तर सूप म्हणजे तांदूळ पाखडण्याचे, एवढेच ठाऊक होते. घरात कोणी आजारी पडले की त्या दिवसभर कढण, सार व पेज करीत. परंतु आपण 'सूप' करतो आहोत, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी त्याला वेड्यात काढले असते!

या बाबतीत काश्यपसंहितेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बालक व सूतिका यांच्या चिकित्सेचा हा प्राचीन ग्रंथ दीर्घकाळ लुप्तप्राय होता. नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात सूतिकेचा आहार देश व कुलाचार पाहून ठरवावा असे सांगितले असून, परदेशी जाती नवप्रसूतेला मांसाचा रस व कंदमुळे देतात, याचीही नोंद आहे. ग्रंथकाराने त्यांची चेष्टा केली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जो देश, तेथील जे धान्य व जे पाणी, त्याप्रमाणे बाळंतिणीची वाटी.

आपल्या मुलखातही तेच दिसते. कोकणात उकड्या तांदळाची पेज, कुळथाचे कढण, आणि मत्स्याहारी घरांतून मुडदुशाचे बेताच्या तिखटाचे कालवण. मोरीच्या माशाने दूध वाढते अशी किनाऱ्यावरील बायकांची दृढ समजूत आहे. घाटावर गेलेल्या आपल्या बांधवांनी तेथील चाल उचलली. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, शेपूची भाजी, लसूण, हुलग्याचे माडगे. आणि मांसाहारी घरांतून मसाला व तिखट घालण्यापूर्वी काढून ठेवलेला, हळद-मिठाचा 'अळणी' रस्सा. नाव अळणी, पण मीठ असते! अकृत यूषाशी त्याचे नाते लावण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि जेवणानंतर बाळंतशोपा हे तर सर्वत्रच.

या सर्व पदार्थांत एक समान गुण आहे. ते पातळ, ऊन, पचण्यास हलके असून शिजावयास वेळ घेतात, परंतु शिजत असता फारसे लक्ष मागत नाहीत. मूग चुलीच्या मागच्या वाईलावर रटरटत राहतात. तोवर पाळणा हलविता येतो, दुपटी धुता येतात. एका हाताने बाळ सांभाळून दुसऱ्या हाताने वाटी तोंडाला लावता येते. ज्यांनी ही पद्धती बसविली त्यांना बाळंतिणीच्या पोटाइतकीच तिच्या हातांचीही काळजी होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

परंतु पूर्वजांचा गौरव करताना त्यांचे दोष झाकणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे. आमच्याच लहानपणी बाळंतिणीला पाणी तोडून देण्याची चाल कित्येक घरांत होती. पोट सुटेल या भीतीने तहानेलेल्या मुलीपुढचा तांब्या उचलून नेलेला आम्ही पाहिला आहे. अंगावरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध, ज्याला चीक म्हणत, ते वाईट समजून पिळून टाकीत. अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या खोलीत माय-लेकरे महिनाभर काढीत. आजचे वैद्यक सांगते की तेच पहिले दूध बाळाला रोगांपासून वाचविते व ते जन्मानंतर पहिल्या तासातच पाजावे. आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला तहान लागेल तितके पाणी द्यावे. जेथे पेज व कढण सढळ हाताने मिळे, तेथे पाणी तोडण्याचा जाच थोडा तरी भरून निघत असावा. जेथे तेही मिळत नसे, तेथे काय होत असेल याची कल्पनाच करावी. सबब, जुने ते सर्व सोने नव्हे. त्यातील कढण घ्यावे, तहान घेऊ नये.

पुढे काळ बदलला. मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि कोकणातील कुटुंबेच्या कुटुंबे चाळींतील दहा-बारा फुटांच्या खोल्यांत येऊन राहिली. पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाज पुष्कळांनी बोटीचा प्रवास करूनही पाळला. ज्यांना ते जमले नाही त्यांच्यासाठी चाळीतील शेजारणीच माहेर झाल्या. एकीने पेज आणावी, दुसरीने बाळाला न्हाऊ घालावे. श्रमकरी स्त्रीला प्रसूतीत विश्रांती मिळावी याकरिता मुंबई इलाख्याने १९२९ साली कायदा केला. हिंदुस्थानात असा कायदा तो पहिलाच. त्याच्या बिलास मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली हिरिरीने पाठिंबा दिला होता, हे विसरता येणार नाही. देशव्यापी कायदा १९६१ साली झाला, व २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या नोकरीतील पित्यालाही १५ दिवसांची रजा मिळते. म्हणजे कायद्याने वेळ दिला. परंतु ज्या हातांनी कढण व्हावयाचे ते हात मात्र घरातून एकेक करून कमी झाले. आत्या दूरगावी, मावशी नोकरीत, शेजारचे दार बंद.

मुखोद्गत विद्या लेखी करण्याचे प्रयत्न आपल्या प्रांतात झाले नाहीत असे नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिले. सारस्वत महिला समाजाने १९४३ साली 'रसचंद्रिका' काढून एका समाजाच्या स्त्रियांनी एकत्र येऊन काय करता येते, याचा धडाच घालून दिला. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले व घरोघर पोचले. ज्या भगिनींनी 'रसचंद्रिका' सिद्ध केली त्यांनी आपल्या समाजाचा इतिहासच लिहिला, असे आमचे मत आहे. आपल्या ज्ञातीत असा ग्रंथ नाही. आमच्या घरात तर एक वहीदेखील नव्हती.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमचे चिरंजीव जन्मले तेव्हा आम्ही कोकणातील एका खेड्यात शिक्षक होतो. सव्वा महिना माहेरी काढून त्यांची आई परत आली ती सरळ चुलीपुढे बसली. बाळ मांडीवर, हातात फुंकणी, आणि आम्ही वेळेवर शाळेत जावे म्हणून ताटात ऊन भात. आम्ही वर्गात मुलांना समतोल आहाराचा पाठ शिकवीत होतो. घरी जिने सर्वांआधी उठून सर्वांमागून जेवावे, तिच्या ताटात काय उरते हे एकदाही पाहिले नाही. आम्ही दुष्ट नव्हतो. सर्व पुरुष असेच वागत, आणि आपणही तसेच वागतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. तिने कधी तक्रार केली नाही. आज वाटते, केली असती तर बरे झाले असते.

चिरंजीवांच्या फोनची रात्र उलटताच आम्ही आमच्या वडील भगिनींना विचारले. त्या ऐंशीच्या घरात आहेत. प्रथम त्या हसल्या. "अरे, तू कढण करणार?" मग थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, "घे, लिहून घे." ते जसे लिहून घेतले तसे येथे देतो. वाटीभर हिरवे मूग निवडून, धुऊन रात्री भिजत घालावेत. सकाळी आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर ते फुटेपर्यंत शिजवावेत. कुकर असल्यास काम लवकर होते. रवीने घुसळून गाळून घ्यावे. गाळलेल्या पाण्यात किसलेले आले, सैंधव व मिरपूड घालावी. चमचाभर साजूक तुपात जिरे व चिमूटभर हिंग यांची फोडणी द्यावी, एक उकळी आणावी, आणि ऊन असतानाच द्यावे. चाळणीत राहिलेले मूग टाकू नयेत. त्यांना लसणाची फोडणी दिली म्हणजे घरातील इतरांचे कालवण होते. "आणि हे बघ," भगिनी शेवटी म्हणाल्या, "ती पिईपर्यंत तिथंच बस. नाहीतर बाळ रडेल, ती उठेल, आणि वाटी तशीच निवेल."

आम्ही पुण्यास गेलो. पहिल्या दिवशीचे कढण करपले, दुसऱ्या दिवशी हिंग जास्त झाला. तिसऱ्या दिवशी ते साधले. चिरंजीवांनी बाळाला खांद्यावर घेतले, आणि सूनबाई दोन्ही हातांत वाटी धरून सावकाश प्यायल्या. वाटी रिकामी होईपर्यंत आम्ही तेथेच बसून राहिलो. आमच्या भगिनींच्या सर्व कृतीत तेवढी एकच ओळ कोणत्याही संहितेत आम्हांस आढळली नव्हती. पुढे महिनाभर बाप-लेकांनी पाळी लावून स्वयंपाक केला. नोकरी करणाऱ्या तरुण पित्यालाही हे सहज जमते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. एकदा मोठे भांडे चढविले म्हणजे दोन वेळांची चिंता मिटते. उरलेले थंडपेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी चांगले उकळून घ्यावे.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती अशी आहे. प्रत्येक घरात अजूनही एखादी आजी, आत्या, काकू आहे. तिच्यापाशी बसून तिच्या कढणाची, पेजेची, कालवणाची कृती तिच्याच शब्दांत लिहून काढावी, कृतीखाली तिचे नाव व गाव घालावे, आणि ती या स्मरणिकेकडे धाडावी. हे काम घरातील पुरुषांनी करावे अशी आमची विशेष सूचना आहे. कारण ऐकताना त्यांना पुष्कळ गोष्टी प्रथमच कळतील. कार्यकारी मंडळाने मनावर घेतल्यास पुढील वर्षीच्या अंकात त्यांसाठी काही पाने राखून ठेवता येतील. आमच्या घरची वही मागण्याची वेळ आम्ही दवडली. आपण दवडू नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. इत्यलम्.