एका अर्ध्या रकाराचा इतिहास

मराठींत ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा विद्वानास पोंचते, ‘आचाऱ्यास’ दिलेली स्वयंपाक्यास. हा सारा भेद अर्ध्या रकाराच्या आकृतीवर अवलंबून आहे. छापखान्यांत हा प्रश्न खिळ्याचा होता. संगणकाबरोबर तो संकेतांकाचा झाला.

१९९१ सालीं ‘इस्की’ हें भारतीय मानक व ‘युनिकोड’ हा जागतिक संकेत असे दोन्ही प्रसिद्ध झाले. युनिकोडांत या रूपाच्या दोन रीती मान्य झाल्या. पहिलींत ‘ऱ’ या अक्षरास हलंत जोडावयाचा. पण तें अक्षर मुळांत द्राविडी उच्चारांसाठीं योजलेलें. दुसरींत ‘र’ व हलंतापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालावयाचें. पण तें चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेतांना सहज गळतें, आणि ‘शेतकऱ्यांचा’ शब्द ‘शेतकर्यांचा’ होऊन बसतो. शिवाय डोळ्यांस दोन्ही रूपें सारखींच दिसलीं, तरी यंत्रास तीं भिन्न. एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसरीनें शोधल्यास पुष्कळदां सांपडत नाहीं.

म्हणून संगणकाचीं साधनें घडविणारांचा हा वाद क्षुल्लक मानूं नये. नांदेड जिल्ह्यांतील उमरीच्या शेतकऱ्यास आपल्याविषयींचा सरकारी कागद यंत्रांत शोधतां येणें न येणें, हें या अर्ध्या अक्षरावर ठरूं शकतें. साधनानें भाषेस अनुसरावें. भाषेनें साधनास नव्हे.